अर्धवट पेनाची उत्तरक्रिया

नागपूरच्या उत्तरेकडील जरीपटका हा भाग फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांनी वसवला, आणि ज्यांचे सर्वस्व एकदाच मागे राहिले त्यांच्या घरांत पुढे काहीही फेकण्याची रीत उरली नाही, हे समजण्यासारखे आहे. आजूबाजूच्या वैदर्भीय घरांतली रीतही तीच आहे. फक्त तिला एवढे भारदस्त कारण देता येत नाही. बिस्किटांच्या डब्यात सुईदोरा राहतो, लोणच्याची बरणी पुढे डाळीची होते, बनियन आधी फडके होते आणि मग सायकल पुसते. या पुनर्जन्माच्या अखंड व्यवस्थेत अलीकडे एक अशी वस्तू शिरली आहे जिला पुढचा जन्मच नाही. ती वस्तू म्हणजे वजन कमी करण्याच्या इंजेक्शनचे अर्धवट वापरलेले पेन.

पेन हा शब्द येथे लेखणीच्या अर्थाने घ्यायचा नाही. औषधाची काचेची नळी, मात्रा ठरवण्याची फिरकी आणि दर वेळी नव्याने लावायची केसाएवढी सुई यांनी बनलेले हे उपकरण बॉलपेनासारखे दिसते, एवढेच. त्यातले औषध जीएलपी-१ या संप्रेरकाच्या धर्तीवर रचलेले असते. हे संप्रेरक जेवणानंतर आतड्यातून स्रवते, मेंदूला पोट भरल्याची वर्दी देते आणि जठर रिकामे होण्याचा वेग मंदावते. शरीरातले मूळ संप्रेरक काही मिनिटांत नष्ट होते, तर सेमाग्लुटाइड हा त्याचा कारखान्यातला भाऊबंद आठवडाभर टिकतो, म्हणून आठवड्यातून एकच टोचणी पुरते. याच वर्गातले मौंजारो हे इंजेक्शन मार्च २०२५ मध्ये आणि सेमाग्लुटाइडचे वेगोव्ही हे पेन जून २०२५ मध्ये भारतीय बाजारात आले. मार्च २०२६ मध्ये सेमाग्लुटाइडचे पेटंट संपले आणि देशी कंपन्यांना वाट मोकळी झाली. दालपकवानाच्या गाड्यापासून हाकेच्या अंतरावर भूक मारण्याचे औषध मिळू लागले, याला प्रगती म्हणावे की दोन्ही धंद्यांची सोय, हा अर्थशास्त्राचा प्रश्न आहे.

पेन उरते ते औषधाच्या रचनेमुळेच. सेमाग्लुटाइडची मात्रा पायरीपायरीने वाढवावी लागते: पहिले चार आठवडे ०.२५ मिलिग्रॅम, मग ०.५, मग १, मग १.७ आणि शेवटी २.४. एखाद्याला दुसऱ्या पायरीवरच मळमळ सुरू होते, एखाद्याचा पैसा तिसऱ्या पायरीवर संपतो, आणि पुष्कळांच्या बाबतीत ज्या लग्नासाठी हा खटाटोप आरंभिला होता ते लग्नच पार पडते. ज्या पायरीवर माणूस थांबतो, त्या पायरीचे पेन फ्रिजमध्ये थांबते.

फ्रिजच्या दारातल्या अंड्यांच्या खणाशेजारी, चिंचेच्या चटणीची वाटी आणि मुलाच्या डोळ्यांत टाकायचे थेंब यांच्या मधोमध, ते आडवे पडलेले असते. अधूनमधून घरातले कोणीतरी ते उजेडात धरून फिरकी फिरवते, ती पूर्ण मात्रेच्या आधीच अडते, म्हणजे आत पूर्ण मात्रा उरलेली नाही हे कळते, आणि तरीही पेन परत जागेवर जाते, कारण आत काहीतरी दिसत असते. न उघडलेले पेन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे, गोठवू नये, आणि वेगोव्हीचे उघडलेले पेन ३० अंशांखाली सहा आठवडे चालते, असे सोबतचे पत्रक सांगते. पत्रक लिहिणाऱ्यांच्या देशांत ३० अंश म्हणजे उन्हाळा असतो; नागपुरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि मे महिन्यात ३० अंश हा आकडा भेटलाच तर पहाटे, कूलरसमोर भेटतो. यावर उपाय म्हणून काही घरांत पेन थेट बर्फाच्या खणात ठेवले जाते. मटारावर सिद्ध झालेला सिद्धांत येथे पेप्टाइडला, म्हणजे प्रथिनाच्या छोट्या भावंडाला, लावला जातो. डाळ आंबली की वास येतो आणि दूध नासले की फाटते. गोठून बिघडलेले सेमाग्लुटाइड मात्र पूर्वीइतकेच नितळ दिसू शकते, त्यामुळे वास घेऊन निकाल देणारी स्वयंपाकघरातली सर्वोच्च न्यायसंस्था या खटल्यात निरुपयोगी ठरते.

यानंतरची अवस्था स्थलांतराची. वाया जाऊ नये या तत्त्वानुसार पेन एका जावेकडून दुसऱ्या जावेकडे, तिच्याकडून भाचीकडे आणि तेथून दयानंद पार्कात सकाळी फेऱ्या मारणाऱ्या मंडळातील एखाद्या उत्साही सदस्याकडे जाऊ शकते. सुई नवी लावली की झाले, हे या व्यवहाराचे घोषवाक्य. वस्तुस्थिती अशी की टोचताना रक्ताचा अंश उलट नळीत शिरू शकतो आणि नवी सुई त्याला अडवत नाही. म्हणूनच अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१५ मध्ये अशा पेनांवर ‘एकाच रुग्णासाठी’ असे छापणे बंधनकारक केले. शिवाय १.७ मिलिग्रॅमचे पेन ज्याच्या हाती येते त्याने खालच्या पायऱ्या पाहिलेल्याच नसतात. मग जी उलटी होते, तिला घरात ‘औषध लागू पडले’ असे म्हणतात.

पेन विकता येत नाही, कारण १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यानुसार परवान्याशिवाय औषध विकणे गुन्हा आहे. दुकानदार ते परत घेत नाही, कारण फ्रिजमधील माल परत घेतला जाणार नाही असे त्याच्या बिलावर बारीक अक्षरांत असते, आणि त्या एका बाबतीत तो पूर्णपणे योग्य आहे: ग्राहकाच्या घरी वीज किती तास गेली होती, हे त्याला कोण सांगणार? दानधर्माचा मार्गही याच कारणाने बंद होतो.

उरला कचरा. येथे शासनाची प्रतिभा दिसून येते. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने २०२५ मध्ये नको असलेल्या औषधांच्या विल्हेवाटीवर मार्गदर्शिका काढली. तीत शौचालयात ओतून टाकायच्या १७ औषधांची यादी आहे, परंतु ती मुख्यतः अफूवर्गीय वेदनाशामकांची असल्याने सेमाग्लुटाइडला तो मान मिळालेला नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांनी मुदत संपलेली औषधे आणि वापरलेल्या सुया यांना ‘घरगुती घातक कचरा’ म्हटले आणि दर २० चौरस किलोमीटरला किंवा त्याच्या भागाला एक संकलन केंद्र सांगितले. नागपूर शहराचे क्षेत्रफळ सुमारे २२७ चौरस किलोमीटर धरले तर अशी १२ केंद्रे भरतात. त्यांपैकी जरीपटक्याच्या वाट्याचे केंद्र कोणत्या गल्लीत, हे सांगणारा गृहस्थ शोधणे हा पीएच.डी.चा विषय होऊ शकेल. केरळने मात्र २०२५ मध्ये कोझिकोडमध्ये घरातली उरलेली औषधे गोळा करण्याची योजना सुरू केली. त्या राज्याला प्रत्येक गोष्टीत घाई असते.

तोवर जाणकार सांगतात ते एवढेच की सुई पेनावर तशीच न सोडता काढावी, जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत टाकून झाकण चिकटपट्टीने बंद करावे, वर ‘सुया’ असे लिहावे, आणि बाटली व पेन घेणारे रुग्णालय किंवा प्रयोगशाळा विचारून शोधावी, कारण त्यांच्याकडे जैववैद्यकीय कचरा नेणारी गाडी येते. एवढे करण्याऐवजी पेन सुईसकट ओल्या कचऱ्यात जाते, आणि कचरागाडीवर उभा राहून उघड्या हातांनी पिशवी फोडणाऱ्या कामगाराला ती सुई सापडते. वजन कोणाचे आणि काविळीची तपासणी कोणाची, हा हिशेब कोणत्याही पत्रकात छापलेला नसतो.

नागपूरकडे नको त्या गोष्टींच्या विसर्जनाची स्वतःची पद्धत आहेच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या काळी आणि पिवळी मारबत या पुतळ्यांना शहर गेली सुमारे १४० वर्षे रोगराई घेऊन जायला सांगत आले आहे, आणि सोबतच्या बडगे नावाच्या पुतळ्यांवर त्या त्या वर्षीच्या तक्रारी लटकवल्या जातात. एका बडग्याच्या हाती पेन द्यावे, ही सूचना म्हणूनच मोहक वाटते. परंतु बडगे बांबू आणि कागदाचे असल्याने जळतात, काच आणि सुई राखेत शिल्लक राहतात, आणि ती राख झाडणारा पुन्हा तोच कामगार असतो. इकडे औषध थांबवल्यावर वर्षभरात, एका मोठ्या चाचणीत आढळल्याप्रमाणे, घटलेल्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग परत येतो. त्यासाठी सैल कपडेही कोणी फेकलेले नसतात. मग एखाद्या संध्याकाळी, कढी गरम करायला काढताना, पेन पुन्हा हाती येते, चष्मा लावून त्यावरची तारीख वाचली जाते, मुदत संपायला अजून चार महिने आहेत असे दिसते, आणि ते चटणीच्या वाटीमागे परत ठेवले जाते.