इंटरभाऊ

आमच्या गल्लीत वर्षाचे महिने दोनच: जून आणि डिसेंबर. बाकीचे दहा महिने म्हणजे 'जून आला' आणि 'डिसेंबर आला' यांच्या मधली धाकधूक. हे पंचांग आमच्या समोरच्या रो-हाऊसमधल्या इंटरभाऊंनी चालू केलं आणि आता ते अख्ख्या गल्लीला लागू आहे. दूधवालासुद्धा उधारीची मुदत 'भाऊंच्या परीक्षेनंतर' अशी सांगतो.

इंटरभाऊंचं खरं नाव रेशनकार्डावर आहे. तिथून ते बाहेर पडल्याचं कोणाच्या ऐकिवात नाही. वय अडतिशीच्या आगेमागे, पोट जरासं पुढं. वाळूज एमआयडीसीत गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत अकाउंट्सला आहेत आणि नोकरी सांभाळून सीएमए करतात. म्हणजे कॉस्ट अँड मॅनेजमेंट अकाउंटंट व्हायचं चाललंय. आधी लोक म्हणायचे, 'भाऊ सीएमए करत आहेत.' अपूर्ण वर्तमानकाळ. आता म्हणतात, 'भाऊ सीएमए करत असतात.' रीती वर्तमानकाळ.

ही जमात एकट्या आमच्या पडेगावची नाही. सकाळी नगर नाक्यावर कंपनीच्या बसची वाट बघणाऱ्यांत कोणी डोळे मिटून ओठ हलवताना दिसला, तर तो जप करतोय असं समजू नये. तो प्रोसेस कॉस्टिंगची पायरी घोकत असतो. पाठीवरच्या बॅगेत डबा, छत्री आणि साडेसातशे पानांचं पुस्तक. यांतला डबा रोज उघडतो.

भाऊंनी नाव नोंदवलं ते 2011 साली, बी.कॉम. झाल्या झाल्या. तेव्हा या कोर्सला लोक आयसीडब्ल्यूए म्हणत. 1959 च्या कायद्यानं उभी राहिलेली संस्था, मुख्यालय कोलकात्यात. भाऊ अभ्यासाला बसले आणि 2012 मध्ये संस्थेनं स्वतःचं नावच बदललं. ही सुरुवात होती. मग भाऊंनी जो कायदा पाठ करावा, तो कायदा गतप्राण व्हावा, असा सिलसिला लागला. 1956 चा कंपनी कायदा कलमांसकट तोंडपाठ झाला, तर 2013 मध्ये नवा आला. मग ते एक्साइज, व्हॅट आणि सर्व्हिस टॅक्सच्या मागे लागले. सेनव्हॅट क्रेडिटची गणितं झोपेतही जमायला लागली, तेवढ्यात 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि तिन्ही कर एका रात्रीत भाऊंच्या माळ्यावर गेले. शेवटी त्यांनी ठरवलं, आता हलणार नाही अशी एकच वस्तू या देशात उरली आहे, 1961 चा आयकर कायदा. तो त्यांनी असा घोटला, की बायको 'ऐंशी रुपये द्या' म्हणाली तरी हे 'सी' म्हणायचे. 2025 मध्ये संसदेनं तोही बदलला. 1 एप्रिल 2026 पासून नवा.

सिलॅबसचंही तेच. 2008 चा गेला, 2012 चा आला, मग 2016 चा, मग 2022 चा. आम्हाला याचं फार नवल वाटत नाही. आमच्या शेजारी दौलताबाद आहे. 1327 मध्ये तुघलकानं दिल्लीची राजधानी तिथं आणली आणि पुढं परत नेली. माणसं मधल्या मधे चालत राहिली.

गल्लीतल्या एका आजोबांनी मात्र या सगळ्याचा उपयोग ओळखला. शहरात नळाला पाणी कधी येईल याचा नेम नाही, पट्टी मात्र नेमानं येते. एक दिवस ते हात जोडून भाऊंपुढं उभे राहिले. "भाऊ, एवढा पाणीपट्टीचा नियम पाठ करून टाका."

*

भाऊंच्या महिन्याचा हिशोब त्यांच्याच तोंडून ऐकण्यासारखा आहे. "एक ते पाच क्लोजिंग. सातला टीडीएस. अकराला जीएसटीआर-वन. वीसला थ्री-बी. पंचवीसनंतर एमडीला एमआयएस लागतो. रविवारी पाण्याची वाट. राहिले किती?"

"किती?"

"त्यात अभ्यास करायलो."

हा अभ्यास पहाटे चारला गच्चीवर होतो. भाऊंचे वडील एसटीत कंडक्टर होते. रिटायर होऊन बारा वर्षं झाली तरी पहिल्या गाडीची वेळ अंगातून गेलेली नाही. पावणेचारला उठतात, सुपारी कातरतात आणि अडकित्ता गच्चीच्या जिन्याच्या लोखंडी कठड्यावर दोनदा हाणतात. टण् टण्. डबल बेल. भाऊंची गाडी सुटते. नाशिककडचे ट्रक रस्त्यावरून धडधडत असतात, छावणीच्या बाजूनं कुत्री ओरडत असतात आणि गच्चीवर मोबाईलमधले सर दुप्पट वेगात स्टँडर्ड कॉस्टिंग शिकवत असतात. वेळ वाचावा म्हणून भाऊ सगळी लेक्चरं टू-एक्सवर ऐकतात. त्याचा परिणाम असा झाला, की साधी बोलणारी माणसं त्यांना आता आजारी वाटतात. मी एकदा विचारलं, "भाऊ, काय म्हणता?" तर काळजीनं माझ्या कपाळाला हात लावून म्हणाले, "बरं नाही का?"

एक ऑडिओ तेवढा भाऊ टू-एक्सवर ऐकत नाहीत: निकालाच्या दिवशी वहिनींचं बोलणं. ते आपोआपच त्या वेगात असतं.

निकालाचं गणित आम्हा सामान्यांच्या डोक्याबाहेरचं. इंटर म्हणजे सीएमएची मधली परीक्षा. तिचे ग्रुप दोन, प्रत्येकात चार पेपर. प्रत्येक पेपरात किमान चाळीस हवेत आणि सगळ्यांची बेरीज मिळून पन्नास टक्के. म्हणजे चारशेपैकी दोनशे. एका अटेम्प्टला भाऊंना मिळाले 44, 51, 47 आणि 52. चारी पेपर पास. बेरीज 194. ग्रुप नापास.

कंडक्टरसाहेबांनी मार्कशीट उलटंपालटं करून बघितलं. "असं कसं? चारी पोरं पास आणि वर्ग नापास?"

पुढच्या खेपेला बेरीज 221 झाली. गल्लीत पेढ्यांची चर्चा सुरू झाली. पण लॉच्या पेपरात 38.

"आता?" साहेब म्हणाले.

"आता वर्ग पास, एक पोरगं नापास."

"म्हणजे?"

"म्हणजे सगळे नापास."

साहेबांनी चष्मा काढला. तीस वर्षं वेबिल भरलेला माणूस. तिकिटं आणि रोकड जुळली की हिशोब मिटला, एवढंच त्यांचं अकाउंटिंग. "आमच्याकडं एक सीट रिकामी राहिली म्हणून आख्खी गाडी परत नव्हते बोलवत," एवढं म्हणून ते आत गेले.

त्यात भाऊंचा दुसरा ग्रुप सुटलेला आहे, राहिलाय तो पहिला. वरचा मजला बांधून झाला, खालचा बाकी, अशी ही इमारत. मुलगा नर्सरीत गेला तेव्हा भाऊ इंटरला होते. आता तो चौथीत आहे. शाळेत बाईंनी विचारलं, 'घरात कोण कोण शिकतं?' त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं, 'मी आणि पप्पा. मी पुढच्या वर्गात गेलो.'

*

भाऊंना संसाराकडं आता कॉस्टिंगच्या चष्म्याशिवाय बघता येत नाही. दूध उतू गेलं, तर पहिला प्रश्न 'किती?' पातेल्याच्या कडेला लागलं तेवढं असेल तर नॉर्मल लॉस. तो प्रत्येक प्रोसेसमध्ये धरलेलाच असतो, उरलेल्या दुधानं सोसायचा. अर्धं पातेलं गेलं तर ॲबनॉर्मल लॉस, त्याचं वेगळं खातं आणि जबाबदार माणूस शोधणं आलं. माणूस बहुधा स्वतः भाऊच निघतात, कारण गॅससमोर उभं राहून ते पुस्तक वाचत असतात. मे महिन्यातली सगळी लग्नं त्यांनी बुडवली, कारण पुढं जून. दिवाळीत फराळाला कोणाकडं गेले नाहीत, कारण पुढं डिसेंबर. मेहुण्याच्या लग्नाला गेले नाहीत, तेही त्यांनी नॉर्मल लॉसमध्ये टाकलं. वहिनींनी ती नोंद उलटवली. त्याचं खातं अजून चालू आहे.

पण भाऊंचं ज्ञान नुसतं पुस्तकी आहे असं कोणी म्हणू नये. कोपऱ्यावरच्या काकू एमआयडीसीतल्या एकट्या राहणाऱ्या पोरांना डबे पुरवतात. रोजचे चाळीस. एका रविवारी भाऊंनी वही काढली आणि काकूंच्या ओट्यावर बसून डब्याची कॉस्ट शीट मांडली. मी तिथंच होतो. कणीक, डाळ, तांदूळ, भाजी, तेल मिळून 41. गॅस 7. डबे पोचवणाऱ्या पोराचे 10. साबण, पिशव्या 2. आणि काकूंची मजुरी 14. भाऊंनी खाली दोन रेघा मारल्या.

"काकू, डबा पडतो चौऱ्याहत्तरला. तुम्ही विकता सत्तरला. डब्यामागं चार रुपये लॉस. दिवसाला एकशेसाठ."

काकू पोळी लाटायच्या थांबल्या नाहीत. "मग रोज संध्याकाळी माझ्या डब्यात चारशे रुपये उरायलेत ते कोणाचे?"

"ती तुमची मजुरी."

"मला मजुरी कोण देतंय?"

"तुम्हीच."

"आणि लॉस कोणाला होतोय?"

"तुम्हालाच."

"आणि चारशे?"

"तेही... तुमचेच."

"मग भाऊ, तुम्ही मधे कशाला?"

भाऊ गप्प झाले. मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. ज्या खर्चाचे पैसे कोणाला द्यावेच लागत नाहीत, त्याला पुस्तकात इम्प्युटेड कॉस्ट म्हणतात. निर्णय घेताना ती डोळ्यांपुढं ठेवायची, पण वहीत खर्च म्हणून मांडायची नाही. गेल्या अटेम्प्टला याच मुद्द्यावर त्यांचे मार्क गेले होते. चार पुस्तकं वाचून जे डोक्यात शिरलं नाही ते एका लाटण्यानं शिरलं. त्यांनी मजुरीचे 14 खोडले, शेजारी लिहिलं 'फक्त निर्णयासाठी' आणि त्याला दोनदा चौकट केली.

काकूंनी मात्र पुढच्या सोमवारी डबा पंचाहत्तर केला. एकही पोरगं तुटलं नाही. दिवसाला दोनशे रुपये वाढले. परीक्षेच्या दिवसांत भाऊंकडं आता काकूंचा डबा फुकट येतो. भाऊ तो 'अदर इन्कम'मध्ये धरतात.

*

मागच्या निकालाला पुन्हा बेरीज अडली. 197. तीन मार्क. त्या रात्री गल्ली चिडीचूप होती, आणि अशा शांततेत रो-हाऊसच्या भिंती काहीच झाकत नाहीत.

"आजवर किती गेले?" साहेबांचा आवाज.

"कशाचे?"

"फॉर्म, क्लास, पुस्तकं."

"ती संक कॉस्ट आहे, आबा. बुडालं ते निर्णयात धरायचं नसतं."

"बुडालेलं धरायचं नाही म्हणतो. आणि सोडायचं पण नाही?"

थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग साहेब हळू म्हणाले, "सोड आता. डोळे बघ तुझे. पोराकडं बघ. नोकरी आहे ना चांगली?"

यावर भाऊंनी जे केलं ते सीएमए करणारा माणूसच करू शकतो. त्यांनी बापाला गणित घातलं. एक कारखाना आहे. पाच वस्तू बनवतो. त्यातली एक तोट्यात. बंद करायची का? तर लगेच करायची नाही. आधी बघायचं, ती वस्तू स्वतःचा कच्चा माल आणि मजुरी भागवून वर काही देते का. देत असेल तर तेवढाच भाड्याला, पगाराला हातभार. त्याला कॉन्ट्रिब्युशन म्हणतात. बंद केली की वस्तू जाते, भाडं राहतंच.

साहेबांनी ऐकून घेतलं. "हे शिकायला पंधरा वर्षं लागली तुला?"

"का?"

"आमची मुक्कामी गाडी होती ना, शेवटच्या गावाला जायची ती. कधी नऊ सीटा, कधी सहा. साहेब लोक दरवर्षी कागद काढायचे, तोट्यात आहे म्हणून. पण डिझेल सुटायचं तिचं. आणि पहाटे तीच गाडी कॉलेजची पोरं भरून यायची, ते रात्रीच्या कागदात कुठं दिसायचं?"

"आबा, परत एकदा सांगा," भाऊ म्हणाले, आणि वहीची पानं फडफडल्याचा आवाज आला.

"कशाला?"

"एक्झाम्पल लिहून घेतो."

साहेब बोलले नाहीत. दिवा गेला.

खरं सांगायचं तर त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. पावणेचारला जाग आली ती आलीच. समोर खुडबूड झाली. सुपारी कातरल्याचा आवाज आला. शेजारच्या आजोबांच्या खिडकीत उजेड होता, काकूंच्या ओट्यावर बत्ती लागली होती. कोणी बोलत नव्हतं, पण ऐकत सगळेच होते.

टण्.

आणि पुढं काहीच नाही. सिंगल बेल म्हणजे गाडी थांबवा, हे एसटीनं प्रवास केलेल्या कोणालाही सांगावं लागत नाही. रस्त्यावरून एक ट्रक गेला. कुत्रं भुंकून थांबलं. आजोबांची खिडकी अर्धी लागली.

मग समोरून साहेबांचा वैतागलेला आवाज आला. "सुपारी पडली हातातली. थांब."

टण्.

गच्चीवरचा दिवा लागला आणि सर दुप्पट वेगानं बोलू लागले.