जुलैत सॅडल घासू नये

मराठी घरात गिटार येते ती बहुतेक दहावीच्या निकालानंतर. मार्क चांगले पडले तर बक्षीस म्हणून, कमी पडले तर समजूत काढायला. पेटी-तबल्याला घरात आजोबांचा वशिला असतो, हिला कोणाचाच नसतो. त्यामुळे महिना-दोन महिन्यांत पोरगं ‘बोटं दुखतात’ म्हणालं की वडीलधारी मंडळी लगेच निकाल देऊन मोकळी होतात: याला चिकाटीच नाही. कराटेचंही असंच झालं होतं, ही आठवणही त्याच दमात निघते. मग गिटारची रवानगी कपाटावर, प्रवासी बॅगांच्या शेजारी.

या खटल्यात गिटारची उलटतपासणी कोणी घेत नाही, याचं मला वाईट वाटतं. स्वस्तातली नवी गिटार दुकानातून येते तेव्हा तिच्या तारा बहुधा गरजेपेक्षा उंच असतात. यात कोणाचा दुष्टावा नाही. तार खाली असली की ती मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीला, म्हणजे फ्रेटला, घासून खरखरते आणि खरखरणारी गिटार गिऱ्हाईक परत आणतं. बोटं दुखतात म्हणून कोणी गिटार परत करत नाही, कारण बोटं आपली स्वतःची असतात. तेव्हा तारा उंच ठेवणं हा धंद्याच्या दृष्टीने सुरक्षित मार्ग झाला. त्या उंचीला वाजवणारे लोक ‘ॲक्शन’ म्हणतात, आणि ती मोजायची बाराव्या फ्रेटवर, म्हणजे तारेच्या बरोबर मध्यावर.

मोजायला घरात काय असतं? गॅरेजवाल्याकडे फीलर गेज असतो, आपल्याकडे शाळेच्या कंपासपेटीतली पट्टी. तिच्यावर अर्धा मिलिमीटर दिसायला चष्मा लागतो, आणि चष्मा लावला की तार दोन ठिकाणी दिसते. त्यापेक्षा पाकीट काढावं. बँकेच्या कार्डाची जाडी जगभर ०.७६ मिलिमीटर ठरलेली आहे. तीन कार्डं एकावर एक ठेवली की सव्वादोन मिलिमीटरहून किंचित जास्त होतात. बाराव्या फ्रेटवर सगळ्यात जाड तारेखाली ही तीन कार्डं जेमतेम शिरली तर प्रकृती ठणठणीत समजावी. सगळ्यात बारीक तारेखाली दोन कार्डं सुखाने जावीत, तिसरं अडावं. आकडे उठावदार असलेली जुनी कार्डं या कामाला चालत नाहीत. ‘मामा, आता गिटारलापण केवायसी लागतं,’ असं माझा भाचा म्हणाला. त्याच्या गिटारखाली चार कार्डं गेली आणि वर एखादं पासबुकही गेलं असतं.

तारा उंच दिसल्या की माणूस थेट सॅडलवर, म्हणजे ब्रिजवरच्या त्या पांढऱ्या पट्टीवर, हल्ला करतो. त्याआधी मान तपासायची असते. सहा तारा मिळून गिटारवर साधारण ७० किलोंचा ताण देतात. एक भरल्या अंगाचा माणूस रात्रंदिवस त्या बारीक मानेला लोंबकळतो आहे, मग ती पुढे वाकणारच. म्हणून मानेच्या आत लोखंडी सळई असते, ट्रस रॉड. गिब्सन कंपनीतल्या थॅडियस मॅक्ह्यू यांच्या नावाचं १९२३ सालचं पेटंट आहे त्यावर. पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर तार दाबून धरायची आणि मध्ये, सातव्याच्या आसपास, तारेखाली किती फट राहते ते पाहायचं. पातळ व्हिजिटिंग कार्ड शिरलं तर ठीक. लग्नपत्रिका शिरली तर मान वाकली आहे. काहीच शिरत नसेल तर ती नको इतकी ताठ झाली आहे.

ही सळई फिरवायला ॲलन की लागते, आणि ॲलन कीपेक्षा जास्त लागतो तो संयम. की उजवीकडे फिरवली की मान ताठ होते, डावीकडे फिरवली की ढिली पडते. एका वेळी फार तर पाव फेरा. मग तारा पुन्हा सुरात लावायच्या, चहा घ्यायचा, पुन्हा पाहायचं. लाकूड आपल्या सवडीने हलतं. पुरुषांना हातात पाना आला की ‘अजून थोडं’ हा शब्द सुचतो, आणि ट्रस रॉडच्या बाबतीत या शब्दाची किंमत नव्या गिटारएवढी असते. हाताला जोर लागतोय असं वाटलं की थांबावं, एवढा एकच नियम मी भाच्याला पाठ करायला लावला. सळई मानेचा वाक काढण्यासाठी असते. तारा खाली आणणं हे तिचं कामच नव्हे. पुष्कळ लोक तिच्याकडून तेच करून घेऊ पाहतात.

मान सरळ आणि तरी तारा उंच, असं ठरलं की मग सॅडल. इथे एक सोपं गणित आहे आणि ते विसरल्यावर फार महागात जातं. बारावी फ्रेट तारेच्या मध्यावर असल्यामुळे तिथे अर्धा मिलिमीटर कमी करायचा तर सॅडल एक मिलिमीटर कमी करावं लागतं. घासायचं ते खालून. वरच्या गोलाईला हात लावायचा नाही, सुराचा बारीक हिशोब तिच्यात असतो. आरशाची काच टेबलावर ठेवायची, तिच्यावर पॉलिश पेपर चिकटवायचा, सॅडलवर बारीक पेन्सिलीची रेघ मारायची आणि सॅडल उभं धरून एकाच दिशेने घासत राहायचं. हाडाचं सॅडल असेल तर दाताच्या दवाखान्यातला वास घरभर पसरतो. मूळ सॅडल मात्र जपून ठेवावं आणि बाजारातून दुसरं आणून त्यावर प्रयोग करावेत. घासलेलं हाड परत वाढत नाही.

आणि जुलैत तर हे काम करूच नये. गिटारला मानवते साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता. मुंबई-कोकणात जुलैत हवेची आर्द्रता ऐंशीच्या पलीकडे असते. पापड मऊ पडतात, दारं चौकटीत अडकतात आणि गिटारचं पोट फुगतं. पोट फुगलं की त्यावर बसलेला ब्रिज वर उचलला जातो आणि त्याच्यासकट तारा. माणूस म्हणतो, ॲक्शन वाढली, आणि घासायला बसतो. ऑगस्टमध्ये गिटार लोण्यासारखी वाजते. डिसेंबरात कोरडी हवा सुटते, पोट आत जातं, तारा खाली येतात आणि प्रत्येक सूर खरखरायला लागतो. मग ‘लाकूडच खराब होतं’ असा दुकानदारावर ठपका. काही जाणते वादक दोन सॅडल बाळगतात, एक पावसाळी आणि एक हिवाळी. आपण निदान केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात आणि दसऱ्यापर्यंत दम धरावा.

या खरखरीवरून आठवलं. गिटारवाले जिला घाबरतात तिच्यासाठीच आपला तंबोरा जन्माला येतो. मिरजेत एकोणिसाव्या शतकात हत्यारांना धार लावणारे शिकलगार वाद्यांकडे वळले आणि सतारमेकर झाले. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथला कारागीर घोडीचा, म्हणजे तंबोऱ्याच्या ब्रिजचा, माथा कानशीने असा काही घासतो की तार तिला जाता जाता किंचित स्पर्श करत राहते, आणि त्या स्पर्शातून जवारी खुलते. तारेखाली सरकवायचा तो सुती दोरा केसभर इकडेतिकडे झाला की आवाज मालवतो. पिढ्यान्‌पिढ्या हात बसवून मिरजकर जी झणकार काढतात, ती घालवण्यासाठी गिटारवाला रात्र रात्र जागतो. बरं, उंच तारांनाही कोणी वाली नाही असं नाही. ब्रिजभूषण काब्रांनी गिटार मांडीवर आडवी घेतली, तारा वर उचलल्या आणि त्यांवर धातूचा दांडा फिरवून राग वाजवले. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’त शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासोबत ती गिटार ऐकू येते. भाच्याला मी हा मार्ग सुचवला. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि पॉलिश पेपर आणायला गेला.

आता पिकअप, म्हणजे तारांची थरथर स्पीकरकडे पाठवणारा भाग. इथे तर निरपराधांचे बळी रोज जातात. सोसायटीच्या गणपतीत कार्यक्रम, निवेदिका ‘आता आपल्यासमोर’ म्हणते, पोरगं केबल खुपसतं आणि स्पीकरमधून येतो फर्रर्र असा आवाज. साउंडवाला मिक्सरवरून मान वर न करता सांगतो, ‘आमच्याकडून ओके आहे.’ कुठल्याही मांडवात कधीही वेगळं वाक्य ऐकलेलं मला आठवत नाही. पोरगं हताश होऊन म्हणतं, ‘पिकअप गेला.’

पिकअप सहसा जात नाही. सॅडलच्या खाली एक चपटी पट्टी असते, तिच्यात पिझो. दाब दिला की वीज निर्माण करणारे काही स्फटिक असतात, हे जाक आणि पिएर क्यूरी या भावांनी १८८० मध्ये दाखवून दिलं. स्वयंपाकघरातला गॅसचा लायटर त्याच तत्त्वावर ठिणगी टाकतो. तिथे अंगठ्याचा दणका असतो, इथे तारेची थरथर. गिटारच्या सॅडलखाली हा पिझो नांदायला लागला त्यात मोठा वाटा ओव्हेशन गिटारींचा, आणि १९६६ मध्ये ती कंपनी काढणारे चार्ल्स केमन मूळचे हेलिकॉप्टर बनवणारे. हेलिकॉप्टरची थरथर मारण्यात ज्यांचं अर्धं आयुष्य गेलं त्यांनी उरलेल्या वेळात थरथरीची विक्री केली.

पिझोचा आवाज फार दुबळा आणि नाजूक, म्हणून त्याला प्रीॲम्प लागतो आणि प्रीॲम्पला नऊ व्होल्टची बॅटरी. ती उतरली की आवाज आधी फाटतो, मग फरफरतो, मग जातो. म्हणजे पहिली संशयित बॅटरी. दुसरी केबल, कारण ती कोणाकडून तरी उसनी आणलेली असते. या दोघींची चौकशी झाल्याशिवाय स्क्रू ड्रायव्हरला हात लावू नये. बॅटरीबद्दल एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. या गिटारींना वेगळं बटण नसतं, केबल जॅकमध्ये गेली की बॅटरी चालू होते. रियाज संपवून पोरं केबल तशीच ठेवतात, गिटार रात्रभर गप्प बसून बॅटरी खाते, आणि सकाळी शिव्या मिळतात पिकअपला.

तिसरा संशयित जॅक. तो पट्ट्याच्या खुंटीत बसवलेला असतो आणि त्याचा नट ढिला पडतो. आपण बाहेरून पाना लावून तो आवळतो. नट आवळला जात नाही, आतला अख्खा जॅक फिरतो. त्याच्याबरोबर वायरी पिळल्या जातात आणि शेवटी टाका सुटतो. यावर उपाय जॅक बनवणाऱ्याने आधीच करून ठेवला आहे: खुंटीतल्या जॅकच्या दांड्याला बहुधा एक आडवं भोक असतं. त्यात बारीक ॲलन की घालून दांडा घट्ट धरायचा आणि मग नट आवळायचा. टाका सुटलाच असेल तर तारा सैल करून आत हात घालावा लागतो, तोही घड्याळ-अंगठी काढून. आत वायर सापडेलच असं नाही, पण हरवलेली प्लेक्ट्रम नक्की सापडतात.

एकच तार मंद ऐकू येत असेल तर मात्र पुन्हा सॅडलकडे वळावं. घासताना त्याचा तळ गोलसर झाला असेल, खाचेत भुसा पडला असेल, किंवा सॅडल खाचेत इतकं घट्ट बसलं असेल की खालच्या पट्टीवर दाबच येत नाही. तळ काचेवर सपाट करावा, खाच ब्रशने साफ करावी, सॅडल बोटाने निघेल आणि बोटाने बसेल इतपतच ठेवावं. फेविक्विक घरात असेल तर ते या वेळात कोणाकडे तरी ठेवायला द्यावं. आणि सगळं व्यवस्थित असून नुसती घूंऽऽ ऐकू येत असेल तर ती आपल्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण. तिच्यासाठी गिटार न उघडता प्लगपॉइंटचं अर्थिंग पाहावं. जुन्या वाड्यांत ते कागदोपत्रीच असतं. तो प्रश्न इलेक्ट्रिशियनचा.

भाच्याची गिटार आता तीन कार्डांवर आहे. पूर्वी त्याला न जमणारा एफ कॉर्ड हल्ली लागतो, आणि तो लागतो हे बिल्डिंगमध्ये सर्वांना माहीत आहे. त्याची चिकाटी अचानक कुठून आली, यावर ताईचं म्हणणं माझ्या वळणावर गेला असं आहे. मी त्यावर काही बोललो नाही.

फ्रेट झिजून खड्डे पडले असतील, मानेच्या टोकाला तारा ज्यातून जातात त्या नटच्या खाचा खोल गेल्या असतील किंवा ब्रिज मागच्या बाजूने लाकडापासून सुटत असेल, तर घरचा कारभार बंद करून गिटार सरळ कारागिराकडे न्यावी. नेताना तारा काढून नेऊ नका; तारा ताणलेल्या असल्याशिवाय त्याला दुखणं दिसणार नाही. आणि पैशांवरून त्याच्याशी घासाघीस करू नका, घासायचं काम त्याच्याकडेच राहू द्या.