अजून मुरलं नाही

तुम्ही नवी छत्री घेऊन घरी येत असता आणि फाटकातच ते भेटतात. छत्री हातात घेतात, उघडतात, मिटतात, काड्या मोजतात आणि विचारतात, "ही पहिल्याच पावसात नेणार?"

आता छत्री पावसात नाही न्यायची तर कुठे न्यायची? पण हे आमच्या अण्णांना विचारायचं नसतं. विचारलंत, तर नवी छत्री आधी दोन सरी नुसती अंगणात उघडी कशी ठेवायची, मग सावलीत कशी वाळवायची, काड्यांच्या सांध्यात तेलाचा थेंब नेमका कुठे सोडायचा, हे सगळं ऐकावं लागतं. तेवढ्यात पाऊस येतो आणि तुम्ही बगलेत छत्री असून भिजता. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्यातला बराचसा मी अण्णांचं ऐकत उभ्याने अंगावर घेतलेला आहे.

"मुरली पाहिजे," अण्णा म्हणतात. "नवी वस्तू आणि नवा जावई, लगेच कामाला लावू नये."

लोणचं मुरतं, आंबा अढीत पिकतो, हे कोकणात पोराटोरांनाही कळतं. अण्णांनी तो नियम उचलून अख्ख्या सृष्टीला लावला. त्यांच्या घरात बिडाचा नवा तवा आला की त्यावर रोज अर्धा कांदा तेलात घासला जायचा, तवा तापायचा, निवायचा, पुन्हा तापायचा. घावन मात्र शेजारच्या आमच्या तव्यावर व्हायचं. मुलीने त्यांना मोबाइल पाठवला तेव्हा तो आठ दिवस खोक्यातच होता. "जरा इथली हवा लागू दे त्याला." मुलगी तिकडून फोन करत होती आणि खोकं कपाटात वाजत होतं.

माझी बॅट त्यांनी कशी मुरवली ते सांगतो, म्हणजे माझ्या बोलण्यात जुनी जखम आहे हेही कळेल. सातवीत होतो. काश्मीर विलोची बॅट, मामाने दिलेली. मार्च संपत होता, मे महिन्यात आळीआळींतल्या मॅचेस. अण्णांनी बॅट बघितली, नख रुतवून पाहिलं आणि म्हणाले, "कच्ची आहे. पहिल्या यॉर्करला टाचेतून फुटेल. आठ दिवस माझ्याकडे ठेव."

खोटं ते बोलत नव्हते, हीच तर अडचण. बॅटला कच्चं जवसाचं तेल लावावं लागतं, तेही बेताने, तोंडाला आणि कडांना, दांडा जिथे बसवलेला असतो तिथे अजिबात नाही. मग ती आडवी ठेवून तेल जिरू द्यायचं. मग लाकडी हातोडीने किंवा मोज्यात घातलेल्या जुन्या चेंडूने तासन्‌तास ठोकायची, आधी हळू, मग जोरात. कडा तिरक्या ठोकून गोल करायच्या. सगळं मिळून पाच-सहा तासांचं काम. अण्णांनी ते रोज दुपारी दहा मिनिटं असं वाटून घेतलं. आख्खी आळी वामकुक्षीला आणि अण्णांच्या ओटीवरून टक्‌, टक्‌, टक्‌. मी रोज संध्याकाळी जाऊन विचारायचो. ते अंगठ्याने बॅट दाबायचे आणि म्हणायचे, "अजून मुरली नाही."

एप्रिल गेला. मॅचेस झाल्या. मी उसन्या बॅटने शून्यावर गेलो. ७ जूनला, मृगाच्या पहिल्या सरीत, अण्णा बॅट घेऊन आमच्या दारात आले आणि म्हणाले, "घे. आता खेळ." पुढे चार महिने बॅट कपाटामागे उभी. दसऱ्याला काढली तेव्हा तिला पांढरी बुरशी आली होती. अण्णांनी ती पुसली, हुंगली, आणि पुन्हा घेऊन गेले.

काकू, म्हणजे अण्णांच्या मंडळी, या सगळ्याला हसायच्या. अण्णांनी त्यांच्यासाठी कोल्हापूरहून चपला आणल्या होत्या, कापशी बांधणीच्या, जाड तळाच्या. कोरी कोल्हापुरी चावते हे खरंच. चामडं झाडांच्या सालींत आणि हिरड्यात कमावलेलं असतं, ते पायाच्या तेलाने आणि घामाने हळूहळू मऊ होतं. अण्णांनी पायावर विश्वास न ठेवता एरंडेल वापरलं. चपला ओटीवरच्या खुंटीला. दर रविवारी खाली यायच्या, तेल पिऊन परत वर जायच्या. काकू रबरी सपाता फटफटवत बाजाराला जाताना आम्हाला सांगायच्या, "चपला मुरेपर्यंत माझेच पाय मुरतील रे."

एक मात्र म्हणतो. अण्णांना आपण हसतो, पण शोकेसमधले चांगले कप पाहुण्यांसाठी, आणि पाहुणे आले की "हे कुठे काढतेस, ते साधे काढ" म्हणणारे आपणच. नव्या सोफ्यावरचं प्लास्टिक सोफा फाटेपर्यंत न काढणारेही आपणच. अण्णा निदान तेल तरी लावतात.

तर असे अण्णा तीन वर्षांपूर्वी टोरांटोला गेले. मुलगी तिकडे, नातू नऊ वर्षांचा आणि आइस हॉकी खेळतो. काकू आदल्या पावसाळ्यात गेल्या होत्या, म्हणून मुलीने सहा महिन्यांसाठी बोलावून घेतलं. माझ्या मोबाइलवर व्हिडिओ कॉल यायला लागला तो पहाटे साडेपाचला. तिकडे आदल्या दिवशीचे संध्याकाळचे सात. "उठलास ना?" असं विचारून ते कॅमेरा बुटाकडे वळवायचे.

पहिला धक्का दुकानात बसला. आपल्याकडे मुलांचे बूट कसे घेतात? वाढत्या अंगाचे. दोन नंबर मोठे, पुढे कागदाचा बोळा, आणि दोन वर्षं चालले की पैसे वसूल. तिकडचा पोऱ्या म्हणाला, स्केट नेहमीच्या बुटापेक्षा एक-दीड नंबर लहान घ्यायचे. ताठ उभं राहिलं की बोटं पुढे जेमतेम टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवले की टाच मागे घट्ट बसली पाहिजे. आत पाय हलला तर बर्फावर घोटा गेलाच. अण्णा मला म्हणाले, "अरे, एवढे पैसे टाकून लहान बूट! सहा महिन्यांत पोर बाहेर येईल त्यातून!"

मग त्या पोऱ्याने बूट उचलले आणि ओव्हनमध्ये ठेवले.

इथे अण्णांनी फोनवर थोडं थांबून घेतलं. ऐंशी अंशांच्या आसपास, काही मिनिटं. बूट मऊ होतात. ते गरम असतानाच मुलाच्या पायात चढवायचे, नाड्या बांधायच्या आणि त्याला पंधरा मिनिटं हलू न देता बसवून ठेवायचं. पायाचा आकार बूट स्वतःच घेतो. पुढे दिवसभर ते घालायचे नाहीत, गार होऊन बसू द्यायचे. आणि एवढं करूनही पहिले काही दिवस थोडा थोडाच वेळ घालायचे, चावतात म्हणून.

"म्हणजे काय कळलं का तुला?" अण्णांचा आवाज चढला होता. "मुरवतात रे! कॅनडात मुरवतात!"

इतकी वर्षं आम्ही ज्याला खूळ म्हणत होतो त्याला एका थंड मुलखाने दुकानात काउंटर काढून दिला होता. पुढचा महिनाभर माझी पहाट काही माझी राहिली नाही. स्केटचं पातं सुरीसारखं नसतं, त्याच्या तळाला लांबीभर पन्हळ असते आणि तिच्या दोन बाजूंच्या दोन कडा बर्फाला धरतात, हे मला अंथरुणात कळलं. "सुपारीच्या खोडाची अर्धी पन्हळ असते ना आपल्या पागोळीखाली, ती पालथी घाल. तशी. पन्हळ खोल तर पकड जास्त पण घसरण कमी. उथळ तर उलट. ते लोक अर्ध्या इंचाच्या गोलाईची मारून घेतात बऱ्याचदा." धार आहे का ते नखावर पातं हलकं ओढून बघतात, अण्णांनी विळीच्या सवयीने अंगठा ओढला आणि आठवडाभर पट्टी मिरवली.

रिंकवर बर्फ सारखं करणारी गाडी येते, फ्रँक झांबोनी नावाच्या माणसाने १९४९ मध्ये कॅलिफोर्नियात बनवलेली. ती वरचा खरवडलेला थर तासते, धुते, आणि मागे गरम पाण्याचा पातळ हात देत एक ओलं फडकं ओढत जाते. सगळे आईबाप त्या वेळात कॉफी आणायला पळतात. अण्णा काचेला नाक लावून उभे. "सारवण!" ते मला म्हणाले. "शेण नाही एवढंच. पण हात तोच. आपली काकू सारवायची तसा, एकावर एक पट्टा." काकूंचं नाव त्या सहा महिन्यांत फोनवर निघालं ते बहुधा एवढंच.

अण्णांनी घोळ घातला नाही असं कसं होईल? एका रात्री त्यांनी स्केटला आतून-बाहेरून खोबरेल चोळलं. हल्लीचे हे बूट चामड्याचे नसतात, तेल जिरायला त्यांत काही नाही. गॅरेजमध्ये थंडी, खोबरेल चोवीस अंशांखाली थिजतं, तिथे तर उणे दहा. सकाळी बुटावर पांढरा थर, नातू म्हणाला, आजोबा, बुटाला आयसिंग केलंय. खेळाडूंच्या खोलीत गेल्यावर ते वितळलं. घामेजलेल्या हॉकीच्या सामानाचा वास म्हणजे तिकडे जगप्रसिद्ध गोष्ट आहे म्हणे; त्या दिवशी पंधरा मुलांची ती खोली न्हाणीघरासारखी घमघमली. मुलीने अण्णांना "बाबा, प्लीज" म्हटलं.

पण वाळवण्याच्या कामात त्यांना हात धरायला कोणी नव्हतं. ज्या माणसाने चार महिने न थांबणाऱ्या पावसात चुलीवरच्या दांडीवर घरभराचे कपडे वाळवले, त्याच्यापुढे हॉकीची पिशवी म्हणजे काय! ओलं सामान पिशवीत कोंबून गाडीत टाकायची तिकडच्या पोरांची रीत. अण्णांनी तळघरात दांडी बांधली. हातमोजे उलटे, गुडघ्याचे पॅड उताणे, बुटाच्या जिभा बाहेर ओढलेल्या, आतले तळवे काढून वेगळे. हीटरजवळ काही नाही, डिंक सुटतो. सगळं सावलीत आणि वाऱ्यावर. "ओलं झाकलं की संपलं" हे वाक्य त्यांनी मराठीतच इतक्यांदा म्हटलं की टीममधला एक गोरा मुलगा ते म्हणायला लागला.

पात्यांवरही तोच नियम. चालताना धार जाऊ नये म्हणून पात्याला प्लास्टिकचं कडक म्यान घालतात. पण खेळून आल्यावर ओलं पातं तसंच म्यानात ठेवलं तर सकाळपर्यंत तांबेरा. पुसायचं, कोरडं करायचं आणि कापडी खोळ घालायची. दुकानात त्या मिळतात. अण्णांनी विकत आणल्या नाहीत, शिवल्या. फोनवर मला दाखवल्या: हिरव्या, बारीक चौकटीच्या, आत पंचाचं अस्तर. कापड मी ओळखलं. काकूंचं सुती पातळ होतं, घरात नेसायचं. ते रत्नागिरीहून बॅगेत का नेलं होतं, मी विचारलं नाही. म्हणालो, "छान शोषून घेईल."

"सुती आहे ना," अण्णा म्हणाले. "धुऊन धुऊन मुरलेलं."

मुलीने नंतर सांगितलं, पार्किंगपासून रिंकच्या रबरी पट्टीपर्यंत वीसेक पावलं डांबर. नातू गाडीतच स्केट चढवायचा आणि अण्णा, वय एकाहत्तर, त्याला पाठुंगळी घेऊन जायचे. म्यान असताना. तिने विचारलं तर म्हणाले, म्यानावर भरवसा नाही.

मार्चअखेर नातवाचे पाय वाढले. जे बूट नुकतेच त्याच्या पायासारखे झाले होते त्यांत बोटं दुमडायला लागली. तिकडे असे बूट पुढच्या पोराला विकतात. अण्णांनी विकू दिले नाहीत. सामानाच्या वजनात दोन किलोंची जागा अडवून ते रत्नागिरीला आले आणि ओटीवरच्या खुंटीला लागले, कोल्हापुरी चपलांच्या शेजारी. मांडवीचा खारा वारा पोलादाला सोडत नाही, म्हणून दर रविवारी पात्यांना तेलाचा हात. सायकलवर चाक फिरवणारा धारवाला आला तेव्हा त्यांनी त्याला ते दाखवले. त्याने पातं उलटंपालटं केलं आणि म्हणाला, "काका, ह्याची धार मधनं कोणी खाल्ली?" अण्णांनी त्याला पाऊण तास पन्हळ समजावली. त्याचा धंदा बुडाला, पण माझा तरी पाऊण तास वाचला.

२०२५ मध्ये भारताच्या मुलींनी अल ऐनच्या आशिया चषकात आइस हॉकीचं कांस्यपदक मिळवलं, तेव्हा मी पेपर घेऊन मुद्दाम त्यांच्याकडे गेलो. म्हटलं, अण्णा, लडाखच्या मुली आहेत बहुतेक. तिकडे पूर्वी लष्करी बुटांना पाती ठोकून खेळायचे म्हणे. अण्णांनी चष्मा लावून फोटो बराच वेळ पाहिला. मला वाटलं, गहिवरले. "नाड्या बघ," ते म्हणाले. "घोट्याशी घट्ट, पुढे सैल. कोणीतरी नीट शिकवलंय."

या मे महिन्यात मुलगी आली होती. संध्याकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर जायला निघाली, बाहेर पायात घालायला काही सापडेना, तिने सरळ खुंटीवरच्या कोल्हापुरी काढल्या आणि पायात सरकवल्या. मी कुंपणापलीकडून बघत होतो. अण्णा झोपाळ्यावर. चार पावलं गेली, थांबली, पाय हलवून पाहिला.

"बाबा, चावत नाहीत."

अण्णा काही बोलले नाहीत. ती फाटकापाशी पोचली तेव्हा म्हणाले, "वाळूत नेऊ नको. शिवणीत जाते."

ती अर्थातच वाळूत घेऊन गेली. रात्री साडेनऊला त्यांच्या ओटीवर दिवा दिसला म्हणून मी डोकावलो. खाली वर्तमानपत्र पसरलेलं, आणि अण्णा जुन्या टूथब्रशने शिवणीतली वाळू काढत होते, एकेक टाका. शेजारी एरंडेलाची बाटली.

"मुरल्या म्हणायच्या मग?" मी विचारलं.

त्यांनी चपलेच्या अंगठ्याशी बोट दाबून पाहिलं. चामड्यावर पायाचा ठसा उमटायला लागला होता, अगदी पुसट.

"आता सुरुवात झाली," ते म्हणाले, आणि बाटलीचं बूच काढलं.