एकादशीला डायनासोर

"कुणाला बोलू नकोस हं," असं म्हणत बाईंनी चहाचा कप कंपाउंडच्या भिंतीवर ठेवला. माझी बादली तशीच राहिली. खराडीत आमच्या गल्लीत त्यांना सगळे बाईच म्हणतात. तीस वर्षं भूगोल शिकवलाय.

"काल मी सिनेमाला गेले होते."

"बाई! आषाढी एकादशी होती काल!"

"मग? खिचडी खाऊन गेले. पॉपकॉर्नला बोटसुद्धा लावलं नाही. सुनेला वाटतंय, मी देवळात भजनाला बसले होते."

सिनेमा कुठला, हे विचारायची गरजच नव्हती. 1994 साली 'ज्युरासिक पार्क' हिंदीत आला, तेव्हा इथं शेतं होती. पीएमटीचे धक्के खात बाई शहरात गेल्या आणि त्याच आठवड्यात पुन्हा गेल्या. तेव्हापासून एकही भाग चुकवलेला नाही. आता आलाय तो 'ज्युरासिक वर्ल्ड : रीबर्थ'. जुनी माणसं सगळी घरी बसवून नव्यानं मांडलेला डाव.

"कसा आहे?"

"अगं, सुरुवातीलाच डोकं फिरलं. एवढी मोठी प्रयोगशाळा, आणि सगळं कोसळतं कशानं, तर चॉकलेटच्या कागदानं! तो दारात अडकतो. वर्गात कागद टाकू नका म्हणून मी घसा फोडत होते, तो काही उगाच नाही."

मग गाडी जुन्या हिशोबांवर आली. 2015 मध्ये इरफान पार्कचा मालक झाला, तर त्याला हेलिकॉप्टरसकट मारलं. 2022 चा भाग तर बाईंनी मनावरच घेतलाय. "डायनासोर बघायला जावं आणि बघावी टोळधाड! ती काय, शेतकऱ्याला विचारा." आणि यंदा सहा पायांचा एक बेढब प्राणी केलाय प्रयोगशाळेत. "डोकं हे एवढं. भीती नाही वाटली गं, कीव आली. पहिल्या सिनेमात दोन तासांत डायनासोर जेमतेम पंधरा मिनिटं दिसतात. बाकी वेळ आपण नुसती वाट बघतो. गाडीतल्या पेल्यातलं पाणी थरथरलं, की पोटात गोळा! आणि ते कसं केलं होतं, माहितेय? खालून गिटारची तार छेडली होती. बस्स."

"म्हणजे पैसे वाया?"

"असं कोण म्हणतंय?" बाई एकदम पार्टी बदलून मोकळ्या. पहिल्या भागाची पटकथा लिहिणारा डेव्हिड केप परत आलाय, तो कुठं कुठं दिसतो म्हणे. नदीत तराफ्यामागे टी. रेक्स लागतो, तिथं त्यांनी शेजारच्या कॉलेजच्या पोराचा हात धरला. "आपल्या मुळा-मुठेत असता, तर जलपर्णीत अडकून बसला असता मेला."

आणि मग आवाज खाली आला. तेवढा तर सुनेबद्दल बोलतानाही येत नाही.

"एक जागा आहे. पुरुषभर उंच गवत, आणि त्यातून टायटॅनोसॉरसची जोडी मान वर काढते. मी रडले. अगं, ते आपलंय! त्याचं पहिलं हाड जबलपूरला सापडलं, 1877 मध्ये नाव ठेवलं. आणि चंद्रपूर जिल्ह्यात, डोंगरगावला त्याचा एक भाऊबंद निघालाय. आयसीसॉरस. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या लोकांनी खणला, म्हणून त्या संस्थेचं नाव."

"आणि गवत?"

"गवतच तर! डायनासोरच्या काळी गवत नव्हतं, असंच मी मुलांना शिकवायचे. मग 2005 मध्ये तिकडंच, पिसदुऱ्याला, डायनासोरच्या लेंड्यांचे दगड झालेले तपासले. आत गवताचे कण! वरोऱ्याजवळच्या लेंड्यांनी सगळ्या जगाची पुस्तकं बदलली. हे घ्या की सिनेमात. सहा पायांचं भूत कशाला हवंय?"

हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. माझं माहेर वणीचं. वरोरा हाकेच्या अंतरावर, आणि मला ठाऊक काय, तर तिथलं आनंदवन.

इतक्यात पलीकडच्या प्लॉटवर ब्रेकर सुरू झाला. बारा मजले उठणार आहेत तिथं, आणि महिनाभर नुसता काळा दगडच फुटतोय. मी वैतागून कानावर हात ठेवले.

"त्याला शिव्या देऊ नकोस," बाई ओरडून म्हणाल्या. "तो दगड म्हणजे लाव्हा आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. डायनासोर संपले ना, साधारण तेव्हाचाच."

"मग पुन्हा कधी जाताय?"

"गुरुवारी. तू येतेस का? सुनेला सांगू, दोघी भजनाला गेलो म्हणून."

मी उत्तर देणार, तेवढ्यात भिंतीकडे लक्ष गेलं. कपातल्या उरलेल्या चहावर बारीक बारीक वर्तुळं उठत होती, एकामागून एक. बाईंनीही पाहिलं. दोघी गप्प.

"उचल तो," बाई हळूच म्हणाल्या, "खाली पडेल."