किती पडले?

टेक्सासात मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले बाबा ही एक स्वतंत्र जमात आहे. पहिले पंधरा दिवस रुंद रस्त्यांचं कौतुक चालतं. सोळाव्या दिवशी हात शिवशिवायला लागतात. मग कुणी गॅरेज आवरतं, कुणी सुनेचे मसाल्याचे डबे 'नीट' लावून देतं. सॅन अँटोनियोत आमच्या शेजारी आलेल्या अण्णांना मात्र परसातलं पेकनचं झाड सापडलं.

अण्णा साताऱ्याचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. ऑक्टोबरअखेर झाडावरची हिरवी टरफलं चार फाकांत उकलली, खाली सडा पडू लागला आणि मुलगा त्यावरून खुशाल गवत कापायचं यंत्र फिरवतो हे त्यांनी पाहिलं. त्याच संध्याकाळी दुकानात सोललेल्या पेकनचा भाव वाचला, त्याचे रुपये केले, आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी सहाला माकडटोपी घालून स्वारी झाडाखाली! खारींशी उघड वैर. "घराचे हप्ते माझा मुलगा भरतो, आणि पहिला वाटा ह्यांचा?"

'पेकन' हा शब्द अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या अल्गॉन्क्वियन भाषांतला. अर्थ, जे फोडायला दगड लागतो ते फळ. अण्णांना दगड लागला नाही. सुपारीचा अडकित्ता सामानात होताच. कट्कन कवच फोडायचं, दोन पाकळ्यांमधला कडू पापुद्रा दातकोरण्याने काढायचा, किडका दाणा खारींच्या नावाने बाजूला ठेवायचा. दुपारच्या दुपार त्यात जाऊ लागल्या. हे झाड १९१९पासून टेक्सासचा राज्यवृक्ष आहे हे कळल्यावर तर ते पाटावर जरा ताठ बसू लागले. इथले एक जुने गव्हर्नर हॉग १९०६ साली वारले. दगडी स्मारक नको, उशाशी पेकन आणि पायाशी अक्रोड लावा, फळं लोकांना वाटा, असं ते सांगून गेले होते. "माणूस खात्यातला वाटतो," अण्णा म्हणाले. त्यांच्या तोंडी याहून मोठी स्तुती मी ऐकलेली नाही.

मग लोणी. पेकन मंद आचेवर कढईत वास सुटेपर्यंत भाजायचे, गार करून मिक्सरला लावायचे. आधी कूट होतं, मग त्याचा गोळा पात्याला चिकटून बसतो. इथे काकू दर वेळी ओरडत, "अहो, मोटर जळेल!" अण्णा थांबत, कडा खरवडत, पुन्हा फिरवत. आणि अचानक सगळं तेल सुटून मिश्रण वाहायला लागे. वरून थेंबभर तेल नाही, फक्त चिमूटभर मीठ. तेल लागणार कशाला? शंभर ग्रॅममध्ये स्निग्धांशच ७२ ग्रॅम. शेंगदाण्याच्या लोण्यापेक्षा हे सैल, चमच्यावरून ओघळणारं. फ्रिजमध्ये ठेवायचं, नाहीतर खवट होतं.

वाटप गल्लीभर झालं, तेही लोणच्याच्या रिकाम्या बाटल्यांतून. आमच्या पहिल्या बाटलीला लसणाची स्पष्ट आठवण होती. टोस्टला ठीक, थालिपिठाबरोबर झकास. भरल्या वांग्यांत मात्र मला ते गोडसर लागलं, पण हे अण्णांना सांगायची माझी छाती नाही.

मंडळाच्या दिवाळीत त्यांनी व्याख्यानच दिलं. यातला बराचसा स्निग्धांश ऑलिव्ह तेलातल्यासारखा, मँगनीज भरपूर, दोन चमच्यांत दोनशेच्या वर कॅलरी, तेव्हा बेतानं! कुणीतरी प्रथिनं विचारली. "शंभर ग्रॅममध्ये नऊ," अण्णा पुटपुटले. शेंगदाण्यात पंचवीसच्या आसपास असतात. "मग आपला शेंगदाणाच बरा की," काकू म्हणाल्या. त्या संध्याकाळी अण्णा फारसं बोलले नाहीत. उपासाचा निवाडाही काकूंनीच दिला: अक्रोडाच्या कुळातला आहे ना, मग चालतो.

अण्णा परत गेले. पुढच्या ऑक्टोबरपासून साताऱ्याहून रोज फोन. "किती पडले?" हापूससारखंच हे झाडही एक वर्ष लदबदतं आणि पुढच्या वर्षी हात आखडतं. पण बापाला सांगवेना. शेवटी मुलाने दुकानातून सालासकटचे दोन किलो पेकन आणले, झाडाखाली पसरले आणि व्हिडिओ कॉल लावला.

अण्णांनी चष्मा कपाळावर चढवून फोन अगदी डोळ्यांशी नेला. पडद्यावर बराच वेळ नुसती एक भुवई दिसत होती.

"मातीचा कण नाही, एकाला खारीचा दात नाही," ते म्हणाले. "कितीला पडले?"