सनदी संगणकपंडित

महाराष्ट्रात विद्येची प्रतिष्ठा फार मोठी आहे असे जे म्हटले जाते ते खोटे नाही. परंतु ती प्रतिष्ठा विद्येच्या पदरी पडते की विद्येच्या दाखल्याच्या, ह्याची चौकशी करण्याच्या फंदात कोणी सुज्ञ मनुष्य सहसा पडत नाही, कारण चौकशी करणाऱ्याजवळही बहुधा दाखलाच असतो. पेशवाईत वतनाची सनद, इंग्रजी अमदानीत साहेबाच्या सहीचे शिफारसपत्र, पुढे व्हर्नाक्युलर फायनल, मग मॅट्रिक, मग टंकलेखनाची तीस आणि चाळीस शब्दांची परीक्षा, आणि 2001 साली महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनची स्थापना झाल्यावर तालुक्यातालुक्यांत पसरलेली एमएससीआयटी, असा हा ओघ अखंड वाहत आला आहे. संगणकाची अर्हता संपादन न करणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या वेतनवाढी रोखण्याचे हुकूम जेव्हा सुटले, तेव्हा निवृत्तीच्या उंबरठ्यावरील कित्येक अव्वल कारकुनांनी नातवाच्या वयाच्या शिक्षकापुढे बसून माउस हाती धरला, परीक्षा दिली, दाखला सेवापुस्तकात नोंदवून घेतला, आणि नंतर टेबलावरील संगणक पूर्ववत् कापडी आच्छादनाखाली झाकून ते समाधानाने पेनकडे वळले.

ह्या परंपरेत आता ऑपरेटिंग सिस्टिमच्या ऑनलाइन प्रमाणपत्राची भर पडली आहे. संगणक चालवता येणे ही गोष्ट आता कोणी विचारीत नाही. संगणकाच्या अंतर्भागात जो मुख्य कारभारी बसलेला असतो, जो स्मरणशक्तीची वाटणी करतो, फायलींचा ताबा ठेवतो आणि कोणत्या कामाचा नंबर केव्हा लागावा हे ठरवतो, त्याच्याशी आपला घरोबा आहे असे सिद्ध करून दाखवावे लागते. 2012 साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील दोघा प्राध्यापकांनी कोर्सेरा काढली, 2017 साली आपल्या सरकारने ‘स्वयम्’चे दालन उघडले, आणि तेव्हापासून हा घरोबा चादरीतून बाहेर न पडताही जोडता येऊ लागला.

विद्यासंपादनाची ही पद्धती अवलोकन करण्याजोगी आहे. प्राध्यापकमहाशय पडद्यावर प्रकट होतात आणि विद्यार्थी त्यांना दुप्पट वेगाने बोलावयास लावतो, त्यामुळे ‘प्रोसेस शेड्यूलिंग’ ह्या गहन विषयावरील व्याख्यान भाजी शिजेपर्यंत आटोपते. व्याख्यानानंतर प्रश्न येतो आणि त्याच्याखाली चार पर्याय असतात. ह्यांपैकी तीन चुकीचे आहेत हे तीन प्रयत्नांत निर्विवादपणे सिद्ध करता येते, आणि चौथा प्रयत्न बहुधा मंजूर असतो. आयआयटींच्या एनपीटीईएल ह्या ऑनलाइन उपक्रमाची व्यवस्था ह्याहून कडक आहे: बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात उत्तम आठ गृहपाठ धरून 25 गुण, आणि प्रत्यक्ष केंद्रावर जाऊन द्यावयाच्या परीक्षेस 75, त्यांत अनुक्रमे 10 आणि 30 मिळाले की प्रमाणपत्र, 60 च्या पुढे ‘एलिट’, 75 च्या पुढे रौप्य आणि 90 च्या पुढे सुवर्ण. ह्या संस्थेची व्याख्याने आयआयटीच्या उत्तमोत्तम अध्यापकांनी दिलेली असून ती कोणासही विनामूल्य ऐकता येतात, ही गोष्ट आम्ही कोणताही उपहास न करता नमूद करतो. परंतु प्रत्येक आठवड्याच्या गृहपाठाची उत्तरे टेलिग्रामच्या एखाद्या समूहावर मुदतीपूर्वीच अवतीर्ण होत असल्यामुळे, व्याख्यान ऐकणे हे ऐच्छिक कर्म आणि उत्तर उतरवणे हे नित्यकर्म, अशी धर्मशास्त्रीय विभागणी विद्यार्थिवर्गाने करून घेतली आहे.

‘सायन्स’ ह्या नियतकालिकात 2019 च्या प्रारंभी एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात असे दिसून आले की एमआयटी आणि हार्वर्ड ह्यांच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांत 2017-18 साली नाव घालणाऱ्यांपैकी सुमारे 3 टक्केच शेवटपर्यंत पोहोचले, मात्र प्रमाणपत्रासाठी पैसे मोजणाऱ्यांपैकी 46 टक्के पोहोचले. पैसे भरल्याने ज्ञानतृष्णा बळावते हे शिकवणी-वर्गांच्या चालकांना पूर्वीपासून ठाऊक होते. आता त्यास शास्त्राचा आधार मिळाला. उरलेल्या 97 टक्क्यांतील कित्येक जण आपल्याला हवे होते तेवढे शिकून मधूनच उठले असतील, आणि खरे विद्यार्थी तेच असतील, असा आमचा एक संशय आहे. पण त्यांच्याजवळ कागद नसल्यामुळे त्यांची साक्ष ग्राह्य धरता येत नाही.

खेदाची गोष्ट ही की ज्या विषयाचे हे प्रमाणपत्र, तो विषय मराठी माणसास वास्तविक जन्मतःच समजावा असा आहे. युनिक्स किंवा लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम दुसरेतिसरे काही नसून एक जुनी, मुरलेली, कलमांनी बांधलेली कचेरी आहे. तेथे प्रत्येक फायलीस एक मालक असतो, मालकाचा एक गट असतो आणि उरलेले सर्व ‘इतर’ असतात. ह्या तिघांसही वाचण्याचे 4, लिहिण्याचे 2 आणि अंमलबजावणीचे 1 असे अधिकार बेरजेने वाटून दिलेले असतात, म्हणून 755 म्हणजे मालकास सर्वाधिकार आणि बाकीच्यांनी वाचावे, चालवावे, पण खोडाखोड करू नये. अडले की 777 करून मोकळे होणारे लोक तेथेही आहेतच; म्हणजे सर्वांस सर्व अधिकार, आणि पुढे दप्तर गहाळ झाले तर जबाबदारी कोणाचीच नाही.

ह्या कचेरीत कामास लावलेल्या प्रत्येक प्रोसेसला क्रमांक असतो आणि तिला जन्म देणारी एक मातृ-प्रोसेस असते. आई आधी निवर्तली तर पोरक्या लेकरास क्रमांक 1 ची प्रोसेस विनातक्रार दत्तक घेते. दत्तकविधानाचा इतका सुटसुटीत कायदा आम्ही इतरत्र पाहिला नाही. उलट लेकरू आधी संपले आणि आईने त्याच्या निर्गमनाची नोंद उचलली नाही, तर ते मेलेले लेकरू हजेरीपटावर तसेच राहते. त्यास ‘झोंबी’ म्हणतात. ते काम करीत नाही, प्रोसेसरचा क्षणभरही वेळ खात नाही, केवळ मस्टरवर त्याचे नाव असते; आणि ‘किल’ ह्या आज्ञेस 9 हा आकडा जोडून निर्वाणीचे अस्त्र सोडले तरी त्याचे काही बिघडत नाही, कारण मेलेल्यास पुन्हा मारता येत नाही. ज्या राज्यात मयत इसमांच्या नावे धान्य उचलले गेल्याच्या बातम्या वृत्तपत्रांत येतात, तेथील विद्यार्थ्यास ही संकल्पना समजून घेण्यासाठी चलच्चित्र दुप्पट वेगाने पाहावे लागावे हे दुर्दैव होय.

सौजन्याचीही तेथे मोजदाद होते. ‘नाइस’ नावाच्या आज्ञेने प्रत्येक प्रोसेसच्या नम्रतेचा आकडा उणे 20 पासून 19 पर्यंत ठरवता येतो: आकडा जितका मोठा, तितकी ती इतरांस पुढे जाऊ देणार. सामान्य वापरकर्त्यास आपली नम्रता वाढवण्याची पूर्ण मुभा आहे. ती शून्याखाली नेऊन रांग मोडण्याचा अधिकार मात्र केवळ ‘रूट’ ह्या सर्वाधिकाऱ्याचा. ‘सुडो’ ही आज्ञा देऊन त्या सर्वाधिकाऱ्याच्या नावाने काम करू पाहणाऱ्यास पहिल्या वेळी दुसऱ्याच्या खासगीपणाचा मान राखण्याविषयी, टंकण्यापूर्वी विचार करण्याविषयी आणि सत्तेसोबत येणाऱ्या जबाबदारीविषयी तीन कलमी उपदेश ऐकावा लागतो. असा उपदेश आमच्या मंत्रालयाच्या प्रवेशद्वारीही ठेवता आला असता. परवानगीच्या यादीत नाव नसता कोणी ‘सुडो’चा प्रयत्न केला, तर त्याची वर्दी वर जाते.

राहिला ‘डेडलॉक’. डच संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा ह्यांनी 1965 च्या सुमारास हा पेच मांडला, आणि पुढे त्यास पाच तत्त्वज्ञांच्या पंगतीचे रूप आले: प्रत्येकाच्या हाती एक काटा, जेवावयास लागतात दोन, आणि शेजाऱ्याने आपला खाली ठेवल्यावाचून दुसरा मिळावयाचा नाही, सबब सर्वच उपाशी. तलाठ्याने म्हणावे मोजणीचा नकाशा आणा, मोजणी कार्यालयाने म्हणावे आधी फेरफाराची नक्कल आणा, आणि फेरफार नकाशावाचून अडलेला असावा, हे ज्याने अनुभवले आहे त्यास पाच तत्त्वज्ञांची गरज नाही. पुस्तकांत ह्या कोंडीवर अनेक तोडगे सांगितलेले आहेत. आमच्याकडे जो सर्वमान्य तोडगा रूढ आहे तो अद्याप कोणत्याही अभ्यासक्रमात समाविष्ट झालेला नाही.

इतकी ओळखीची ही कचेरी असून तिच्यात एक वैगुण्य आहे, आणि सनदी पंडिताची फजिती तेथेच होते. ती सनद पाहत नाही. एखाद्या कंपनीत सुवर्णांकित प्रमाणपत्रधारकाची नेमणूक होते; पहिल्याच सप्ताहात सर्व्हरची डिस्क भरल्याची ओरड होते; हा एक अवाढव्य लॉग-फाइल शोधून ती पुसणारी ‘आरएम’ ही आज्ञा देऊन मोकळा होतो, आणि तरीही मोकळी जागा सांगणारी ‘डीएफ’ डिस्क भरलेलीच दाखवते, तर फायलींची जागा मोजणारी ‘डीयू’ म्हणते की फायली तर फारशा नाहीत. दोन आज्ञांचा असा परस्परविरोधी जबाब चार पर्यायांच्या प्रश्नात कधी आलेला नसतो. खरा प्रकार इतकाच असतो, की आवकजावकच्या वहीतून फाइलीची नोंद खोडली गेली आहे, परंतु एक कारकून ती अजून कोपराखाली उघडी धरून बसला आहे, आणि तो उठेपर्यंत कपाटातील जागा मोकळी व्हावयाची नाही. कोणती प्रोसेस अडून बसली आहे हे शोधून तिला रीतीने उठवणे हे ज्ञान. सर्व्हरच बंद करून पुन्हा चालू करणे हे प्रमाणपत्र. दुसऱ्या उपायानेही जागा मोकळी होते, त्यामुळे पंडिताची कीर्ती अबाधित राहते. मधल्या वेळेत ग्राहकांचे काय झाले हे विचारणारा कोणी प्रामाणिक मनुष्य नंतरच्या आढाव्याच्या सभेत बोलावलेला नसतो.

सर्वच परीक्षा पोकळ आहेत असे म्हणणे अन्यायाचे होईल. रेड हॅटच्या आरएचसीएसए परीक्षेत पर्यायांचे चौकोन नसतात. चालू यंत्र पुढ्यात ठेवून कामे सांगितली जातात, आणि ते यंत्र बंद करून पुन्हा सुरू केल्यावर जेवढे काम टिकले असेल तेवढ्याचेच गुण मिळतात. ही एक अट आमच्या सार्वजनिक बांधकामास, आणि विशेषतः पावसाळ्यानंतर रस्त्यांस, लागू केली असती तर किती देयके मंजूर झाली असती, हा विचार करण्यासारखा आहे. परंतु अशा परीक्षेची तयारी चादरीत होत नसल्यामुळे तिचा बोलबाला होत नाही. बोलबाला होतो तो लिंक्डइनवर झळकणाऱ्या पदकाचा: ‘कळविण्यास अत्यंत आनंद होतो’ अशा धर्तीची घोषणा, तिच्याखाली शेकडो अभिनंदने, आणि अभिनंदन करणाऱ्यांच्या स्वतःच्या पदकांची अप्रत्यक्ष आठवण.

ह्या शास्त्राच्या मूळपुरुषांची चरित्रे पाहिली तर ती आपल्या कोणत्याही निवड समितीपुढे टिकणार नाहीत. 1969 च्या उन्हाळ्यात बेल लॅब्जमधील केन टॉम्पसन ह्यांची पत्नी लहानग्या मुलास घेऊन सासू-सासऱ्यांच्या भेटीस गेली असता, त्यांनी फारसे कोणी न वापरलेल्या एका पीडीपी-7 यंत्रावर तीन आठवड्यांत युनिक्सची घडी बसवली. 1991 च्या 25 ऑगस्टला हेलसिंकीच्या लिनस टॉरवाल्ड्स ह्या विद्यार्थ्याने आपण हौसेखातर एक छोटी प्रणाली लिहीत आहोत असे जाहीर केले. ती सर्वत्र पसरली, आणि त्या प्रणालीवरच प्रबंध लिहून त्यांनी पदव्युत्तर पदवीचे काम उरकले ते 1997 साली. म्हणजे आधी काम आणि मागाहून कागद. 2017 च्या नोव्हेंबरपासून जगातील सर्वांत बलाढ्य 500 महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक यंत्र लिनक्सवर चालते. परंतु ह्या गृहस्थांनी त्या वेळी आमच्याकडे अर्ज केला असता, तर ‘संबंधित विषयाचे प्रमाणपत्र जोडलेले नाही’ ह्या शेऱ्यानिशी तो परत गेला असता, आणि तो शेरा नियमास धरूनच असता.

नोकरीसाठी ज्यांना कागद लागतच असेल त्यांनी तो खुशाल मिळवावा. पोटाशी वैर कोणी सांगितले आहे? पण त्या कागदाची मुदत वाचून घ्यावी. रेड हॅटची प्रमाणपत्रे तीन वर्षांनी निष्प्रभ होतात. मायक्रोसॉफ्टची एमसीएसई, जिच्या पाट्या एके काळी पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावरच्या क्लासांपासून जिल्ह्याच्या एसटी स्टँडपर्यंत झळकत, ती 2021 च्या जानेवारीअखेर कायमची बंद झाली. फायलींचे अधिकार वाटणारी ‘चमॉड’ ही आज्ञा मात्र 3 नोव्हेंबर 1971 रोजी निघालेल्या पहिल्या युनिक्स-पुस्तिकेत होती आणि आजही त्याच नावाने तेच काम करते. तेव्हा प्रमाणपत्राचे शुल्क भरण्यापूर्वी माळ्यावरचा जुना लॅपटॉप खाली काढून त्यावर लिनक्स चढवावे, ते निदान एकदा स्वहस्ते पूर्ण मोडावे, आणि दुरुस्त करताना ‘मॅन’ ही आज्ञा देऊन प्रत्येक आज्ञेची यंत्रातच ठेवलेली पुस्तिका वाचावी. ती वाचण्यास शुल्क नाही.