गावाची रजा

शांततेचा शोध सकाळी आठ वाजता सुरू होतो, कारण रेल्वेचं आरक्षण आठला उघडतं. बँकेत अधिकारी असलेल्या ठाण्याच्या एका गृहस्थांनी कोकणात जाऊन निवांत पडायचं ठरवलं, तेव्हा प्रवासाच्या साठ दिवस आधी त्यांनी बायको, मुलगी आणि मेव्हणा यांच्या हाती एकेक मोबाइल देऊन त्यांना मोर्च्यावर बसवलं. आठ वाजून दोन मिनिटांनी सगळी तिकिटं वेटिंगवर होती. गृहस्थांचं ब्लडप्रेशर वाढलं. सुट्टी किती गरजेची आहे, हे त्यावरून घरात सगळ्यांना पटलं.

रस्त्याने जाता आलं असतं. पण मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाला 2011 मध्ये सुरुवात झाली आणि त्या साली पहिलीत बसलेली मुलं मतदान करून आली, तरी ‘यंदा नक्की’ ही घोषणा चालूच होती. त्यामुळे गृहस्थ कोकणकन्या एक्स्प्रेसच्या वेटिंगवरच राहिले आणि महिनाभर रोज उठल्यावर दात घासायच्या आधी आपला नंबर बघत राहिले. तिकीट कन्फर्म झालं तेव्हा ते इतके दमले होते, की सुट्टी लांबवावी का असा विचार त्यांच्या मनात येऊन गेला.

गाव निवडताना त्यांची एकच अट होती. बघण्यासारखं काही नको. सिंधुदुर्ग हा 1997 मध्ये देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, आणि तेव्हापासून मालवणच्या किल्ल्याला आणि तारकर्लीच्या पाण्याला उसंत नाही. एकीकडे स्कुबा, दुसरीकडे पॅरासेलिंग, मध्ये फोटो काढणारे. गृहस्थांना यातलं काहीच नको होतं. मालवणहून देवगडकडे जाणाऱ्या किनाऱ्यावरच्या आचरा गावात एका घरी राहण्या-जेवणाची सोय होते, असं ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं. ‘तिथे बघायला काय आहे?’ या प्रश्नावर तो सहकारी म्हणाला, ‘खास काही नाही.’ हा आचऱ्यावर सरळसरळ अन्याय आहे. रामेश्वराचं देऊळ आहे, खाडी आहे, माडांच्या मागे लांबलचक किनारा आहे. पण गृहस्थांना तेवढं ऐकून पुरलं, त्यांनी फोन लावला.

कणकवलीला उतरून ते सकाळी गावात पोचले. घराच्या खळ्यात यजमान काका वाट बघत उभे होते.

“मुंबयसून इल्यात मां?”

“ठाण्याहून.”

“ता झाला. पण मूळचे खयचे?”

कोकणात या प्रश्नाला पॅनकार्डाइतकं महत्त्व आहे. गृहस्थांनी सहज म्हणून सांगितलं, की वडिलांची आई मसुऱ्याची होती. मसुरं तिथून हाकेच्या अंतरावर. काका सावरून बसले. मसुऱ्यात कुठल्या वाडीची? कुणाच्यातली? देवळाच्या अलीकडची की पलीकडची? ती आजी 1960 च्या आधीच मुंबईला आलेली आणि नातवाने तिला गावाबद्दल एक प्रश्नही कधी विचारलेला नव्हता. काकूंनी चहा आणेपर्यंत मात्र काकांनी तिचं घर, त्या घरातला जमिनीचा वाद आणि त्या वादात कोणाची बाजू खरी होती, हे सगळं निश्चित केलं होतं. आपल्याला कुणी ओळखू नये म्हणून इतक्या लांब आलेला माणूस दुपारच्या जेवणाला बसेपर्यंत गावचा भाचा झाला. संध्याकाळी तो फिरायला निघाला, तेव्हा दुकानाच्या पायरीवरून दोघा अनोळखी माणसांनी त्या जमिनीच्या वादात तडजोड करायचा सल्ला दिला.

शांततेचं म्हणाल, तर ती होती. रात्री साडेदहापासून पहाटे चारपर्यंत. चारला शेजारच्या कोंबड्याने सुरुवात केली. त्याला पलीकडच्या वाडीतल्या कोंबड्याने उत्तर दिलं, आणि हा संवाद जमिनीच्या वादासारखाच जुना असावा असं वाटलं. मग एसटीची पहिली गाडी. मग विहिरीवरचा पंप. मग मासे विकणाऱ्याच्या मोटरसायकलचा रबरी भोंगा, ज्याच्या एका पोंपों आवाजावर वाडीतल्या सगळ्या मांजरी एकाच दिशेने धावतात. शहरातला आवाज माणसाला त्रास देतो, कारण त्याचा आपल्याशी संबंध नसतो. इथे प्रत्येक आवाजाशी काकांचा संबंध होता आणि प्रत्येक आवाज कोणाचा, कशाचा, हे ते पाहुण्यांना खिडकीशी येऊन समजावून सांगत होते.

गृहस्थांनी आपल्या निवांतपणाचं वेळापत्रक आखून आणलं होतं. सकाळी सात ते साडेआठ समुद्रकिनाऱ्यावर चालणे. पहिल्या दिवशी ते जमलं. दुसऱ्या दिवशी चालायला वाळू जेमतेम उरली. तिसऱ्या दिवशी त्यांना मुकाट्याने माडांच्या बुंध्यांमधून चालावं लागलं, आणि माडाखालून चालणाऱ्याने वर बघत चालावं की खाली, याचा निर्णय आजवर कुणालाही करता आलेला नाही. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, हे त्यांना शाळेत शिकवलं होतं. ते परीक्षेसाठी होतं, चालण्यासाठी नव्हतं. काकांकडे सोपा हिशेब होता. आजची तिथी घ्या, तिची पाऊणपट करा, भरतीची वेळ आली. अष्टमीला आठाचे पाऊण सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. किनाऱ्यावरच्या माणसांचं हे गणित पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आलेलं आहे आणि त्याला बॅटरी लागत नाही. गृहस्थांनी कॅल्क्युलेटर काढला, पण आज तिथी कुठली ते त्यांना माहीत नव्हतं, आणि ती बघायला रेंज नव्हती. काकूंनी स्वयंपाकघरातून कालनिर्णय आणून दिलं.

एकदा वेळ जमली आणि ते किनाऱ्यावर पोचले, तर तिथे रापण लागलेली. होडीतून अर्धवर्तुळात समुद्रात टाकलेलं मोठं जाळं दोन्ही टोकांच्या दोरांनी जमिनीवरून ओढायचं, असा हा प्रकार. एकेका बाजूला माणसांची रांग, आणि त्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला ‘तुम्ही पर्यटक आहात का’ असं कुणी विचारत नाही. गृहस्थ फोटो काढायला पुढे गेले आणि त्यांच्या हातात दोर आला. ‘ओढा’ असा हुकूम झाला. त्यांनी ओढलं. पुढचा पाऊण तास ते ओढतच होते, कारण मधूनच दोर सोडून निघून जाणं कसं दिसेल, हा मध्यमवर्गीय प्रश्न त्यांना सोडवत नव्हता. ठाण्याला ते याच कामासाठी जिमला दरमहा पैसे भरत होते. जाळं आलं, तेव्हा त्यात पेडवे होते, थोडे बांगडे होते, प्लास्टिकच्या पिशव्या होत्या आणि एक चप्पल होती. म्हाताऱ्या रापणकारांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, पण पूर्वीच्या माशांचे आकार ते दोन हातांनी दाखवत होते आणि आताचे दोन बोटांनी. खोल पाण्यात पर्ससीन जाळी लावणाऱ्या मोठ्या बोटी आणि किनाऱ्यावरची ही पारंपरिक मासेमारी, हा वाद इथे जुना आहे. 2016 मध्ये राज्य सरकारने पर्ससीनवर निर्बंध घातले आणि त्यानंतरही वाद चालूच राहिला. गृहस्थांच्या वाट्याला पाच बांगडे आले. हे पाच बांगडे त्यांच्या आयुष्यातली पहिली अशी कमाई होती, जिच्यातून कर कापून घेतलेला नव्हता.

जेवणाबद्दल थोडक्यात सांगणं बरं, कारण या विषयावर मालवणी माणूस एकदा बोलू लागला की मासिकाची पानं पुरत नाहीत. न्याहारीला घावणे, नाहीतर नारळाच्या गोड रसातले शिरवाळे. दहा वाजता उकड्या तांदळाची पेज. दुपारी बांगड्याची कढी, तळलेला मासा, भात, आणि हे सगळं पचावं म्हणून सोलकढी. सोलकढीने पचन सुधारतं, पचन सुधारलं की भूक लागते, आणि भूक लागली की काकू विचारतात, ‘आज आवडला नाय काय?’ नाही म्हणायची सोय नव्हती. गृहस्थांनी वाचायला आणलेली जाड कादंबरी रोज दुपारी त्यांच्या पोटावर उघडी असे आणि पोटाबरोबर वरखाली होई.

डिसेंबरचे दिवस. जत्रांचा हंगाम सुरू झालेला. शेजारच्या गावच्या जत्रेत रात्री दशावतार असतो, जाऊन येऊ, असं काका म्हणाले, तेव्हा गृहस्थांनी कपडे बदलले. ‘जाऊन येऊ’ म्हणजे साधारण अकरापर्यंत असा त्यांचा समज होता. अकराला नट अजून तोंड रंगवत होते. आधी गणपती, सरस्वती, भटजी, मग काळ्या वेशातला, लाल जीभ बाहेर लोंबणारा संकासुर. वेद पळवणारा हा राक्षस पुराणात विष्णूच्या हातून मरतो, पण मरायच्या आधी सरपंचापासून रस्त्यावरच्या खड्ड्यांपर्यंत सगळ्यांचा समाचार घेऊन जातो. दशावताराला लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं, कोण कोणानंतर येणार ते ठरतं, बाकीचं ज्याचं त्याने उभ्या उभ्या रचायचं. गंगाराम गवाणकरांनी गावच्या नाटकमंडळींच्या अशाच गोंधळावर ‘वस्त्रहरण’ लिहिलं आणि मच्छिंद्र कांबळींनी त्याचे हजारो प्रयोग केले, म्हणजे या झोपमोडीत काहीतरी दम असणार. गृहस्थांना दीडच्या सुमाराला डुलकी लागली. ती मोडली, ती लोकांच्या हसण्याने. संकासुर त्यांच्याकडेच बोट दाखवून विचारत होता, की मसुऱ्याच्या जमिनीच्या वादाचा निकाल लागल्याशिवाय या भाच्याला झोप कशी येते.

उजाडता उजाडता ते परतले, आणि वाटेत काका पुढच्या जत्रांची यादी सांगू लागले. मसुऱ्याच्या आंगणेवाडीची जत्रा फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला. तारीख कुठली? तारीख छापील कॅलेंडरात नसते. भराडी देवीचा कौल घेतात, देवी सांगते तो दिवस. तो जाहीर झाला, की मुंबईतले लाखो चाकरमानी बॉसकडे जातात आणि रेल्वे जादा गाड्या सोडते. गृहस्थांच्या बँकेत वार्षिक रजेचा तक्ता जानेवारीत भरावा लागतो. देशात अशीही एक जत्रा आहे, जिच्या तारखेची रेल्वेलासुद्धा वाट बघावी लागते, हे ऐकून ते रस्त्यात थांबले.

“ह्या कायच नाय,” काका म्हणाले. “आमची गावपळण ऐकली नाय तुमी?”

दर तीन-चार वर्षांनी अख्खं आचरा गाव रामेश्वराच्या कौलाने वेशीबाहेर जाऊन राहतं. तीन दिवस, तीन रात्री. माणसंच नव्हेत, गुरं, कुत्री, कोंबड्या, सगळी वरात निघते. शाळा रिकामी, बाजारपेठ बंद, घरांना कुलपं. कुणी खाडीकाठी झोपड्या बांधतं, कुणी जवळच्या गावातल्या पाहुण्यांकडे जातं. रात्री भजनं, फुगड्या, पत्त्यांचे डाव. चौथ्या दिवशी पुन्हा कौल घ्यायचा; देवाने परवानगी दिली तर परत, नाहीतर मुक्काम वाढला. असं का करतात, याचं उत्तर प्रत्येक वाडीत वेगळं मिळतं. कुणी म्हणतं, त्या दिवसांत गावात भुताखेतांचा संचार असतो. कुणी म्हणतं, गाव स्वच्छ व्हावं, रोगराई सरावी म्हणून पूर्वजांनी लावलेली ही शिस्त आहे. बातम्यांना दोन्ही कारणं चालतात, त्यामुळे वाहिन्यांची गाडी वेशीवर हजर असते. काकांना कारणात फारसा रस नव्हता. झोपडी कुठे बांधायची यात होता. मागच्या वेळी वाऱ्याची जागा चुलत भावाने पटकावली होती.

गृहस्थ पायवाटेवर गणित मांडू लागले. ते साठ दिवस आधीपासून धडपडून, रात्रभर रेल्वेत बसून, शेकडो किलोमीटर लांब या गावी विश्रांतीला आले होते. आणि हे गाव विश्रांतीला जातं ते नदी-ओढा ओलांडून, चालत, कोंबड्या काखेत मारून. शिवाय कुणी मागे राहून फोन उचलत नाही. बँकेच्या इतिहासात सगळ्या शाखा एका वेळी रजेवर गेल्याचं त्यांनी ऐकलेलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांपुढे ते रिकामं गाव आलं. पंप नाही, भोंगा नाही, कोंबडा नाही, आणि जमिनीच्या वादावर बोलायला चिटपाखरू नाही. आपल्याला हवं होतं ते हेच.

“काका, त्या दिवसांत आम्ही तुमच्याकडे येऊन राहिलो तर?”

काकांनी त्यांच्याकडे नीट पाहून घेतलं. “आमीच नसतलों, मगे तुमका कढी कोण करतला? आणि गावात त्या दिसांत कोणाकच रवाक मिळणा नाय. तुमी आमच्या झोपडीत येवा. खाट नाय, पंखो नाय. पण तकडे रेंज फुल्ल गावता.”

“कधी असेल?”

“ता देव सांगतलो.”

“आणि परत कधी?”

“ता पण.”

ठाण्याला गेल्यावर सोमवारी सकाळीच गृहस्थांनी रजेचा अर्ज उघडला. कारणाच्या जागी त्यांनी ‘गावपळण’ असं टंकलं. ते स्वीकारलं गेलं. पण बँकेच्या त्या संगणकप्रणालीत ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ हे दोन्ही रकाने भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही, आणि तिथे ‘कौलानुसार’ असं लिहिलं की लाल अक्षरांत ‘अवैध दिनांक’ उमटतं.